क्लाउडवरील जागा आणि मोठे वैयक्तिक संग्रह

विषयाचे स्वरूप

क्लाउड साठवण म्हणजे एखाद्या कंपनीच्या डेटा केंद्रातील डिस्कवर, इंटरनेटमार्फत आणि त्या कंपनीच्या अटींवर मिळालेली जागा. एकाच फाइलच्या प्रती किंवा ती पुन्हा जुळवता येईल असे तिचे तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेले असतात. त्यामुळे एखादी डिस्क बिघडली तरी मजकूर शाबूत राहतो. घरच्या एकुलत्या एक हार्ड डिस्कला हे साधत नाही. म्हणूनच जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने, मैफलींच्या कॅसेट, दोन-तीन पिढ्यांची छायाचित्रे किंवा क्षेत्रकार्यातील चित्रणे जपणारे लोक क्लाउडकडे वळतात. तेथे त्यांना पहिल्यांदा दिसतो तो जीबीचा आकडा, म्हणजे कोटा. मोठ्या संग्रहाची खरी अडचण मात्र बहुधा दुसरीकडेच असते: फायलींची संख्या, चढवण्याचा वेग, सगळे परत आणण्याची सोय आणि अटी बदलण्याचा कंपनीचा अधिकार. कोटा पैसे भरून वाढवता येतो, या गोष्टी पैशाने सहसा सुटत नाहीत.

मोफत कोटा

2004 च्या 1 एप्रिलला जीमेल सुरू झाले तेव्हा त्याने 1 जीबी जागा दिली. त्या वेळी हॉटमेल 2 एमबी आणि याहू 4 एमबी देत असे, म्हणून तो आकडा अनेकांना अविश्वसनीय वाटला. आज गूगल खात्यासोबत 15 जीबी मिळतात, अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर 5, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर 5 आणि ड्रॉपबॉक्सवर 2. भारत सरकारच्या डिजिलॉकरमध्ये 1 जीबी मिळते आणि तेथे स्वतः चढवलेली एक फाइल 10 एमबीपेक्षा मोठी चालत नाही. डिजिलॉकर प्रमाणपत्रे आणि दाखल्यांसाठी आहे, संग्रहासाठी नाही.

गूगलचे 15 जीबी 2013 पासून जीमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या तिघांत सामाईक आहेत. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात धरला जात नसे, 2024 पासून तोही धरला जातो. त्यामुळे कुटुंबाच्या ग्रुपवर आलेले शुभेच्छांचे व्हिडिओ आणि आजोबांच्या हस्तलिखिताचे स्कॅन एकाच जागेसाठी भांडतात. जागा पूर्ण भरली की नवी ईमेल स्वीकारली जात नाही. साठवणुकीचा प्रश्न असा थेट पत्रव्यवहारावर येऊन आदळतो.

संग्रहाचे आकारमान

जागा किती लागेल याचा अंदाज बहुतेक वेळा कमी बांधला जातो. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे एका पानाचे किंवा एका तासाचे गणित आधी मांडणे. ए-4 आकाराचे पान 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन केले की आडवे 2480 आणि उभे 3508 बिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट लागतात. गुणाकार 26.1 एमबी होतो. 200 पानांच्या एका दिवाळी अंकाला, कोणतेही आकुंचन न करता, 5.2 जीबी लागतात. म्हणजे 15 जीबीत तीन अंकही मावत नाहीत. 600 डीपीआयवर तेच पान चौपट होते, 104 एमबी. जेपीईजी स्वरूपात हा आकार बराच कमी होतो, पण त्यासाठी टाकून दिलेला तपशील पुन्हा मिळवता येत नाही. वाचण्यापुरती प्रत जेपीईजी किंवा पीडीएफमध्ये ठेवण्यात काहीच वावगे नाही. ज्या अंकाच्या दोन-तीनच प्रती उरल्या आहेत आणि ज्याचा कागद हात लावताच तुटतो, त्याची मूळ प्रत मात्र आकुंचनाशिवाय, किंवा तपशील न गमावणाऱ्या आकुंचनाने, राखली पाहिजे.

ध्वनीचे गणित असेच चालते. सीडीच्या दर्जाला तासाला 635 एमबी लागतात. संग्रहासाठी वापरला जाणारा 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिटचा दर्जा घेतला तर तासाला 2.07 जीबी. नव्वद मिनिटांच्या 500 कॅसेट म्हणजे 750 तास. मैफली टेप करून ठेवणाऱ्या जुन्या रसिकाकडे एवढ्या कॅसेट सहज निघतात. वरच्या दर्जाने त्या 1.56 टीबी होतात, सीडीच्या दर्जाने 476 जीबी. फ्लॅक हे स्वरूप एकही स्वर न गमावता यात पुष्कळ बचत करते आणि अशा संग्रहासाठी तेच योग्य.

चित्रफिती सर्वांत खादाड. आयफोनवर फोर-के चित्रण सेकंदाला 30 चौकटींनी केले तर मिनिटाला सुमारे 170 एमबी लागतात, 60 चौकटींनी केले तर सुमारे 400. तासाभराच्या मुलाखतीचे हिशेब अनुक्रमे 10 आणि 24 जीबी. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा 60 चौकटींनी टिपून हाती विशेष काही लागत नाही, हे मुलाखतीपूर्वीच ठरवलेले बरे.

हजाराचा हिशेब आणि 1024 चा हिशेब

डिस्क विकणाऱ्या कंपन्या 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मानतात. विंडोज तोच आकडा 1024 च्या पटीने मोजते, म्हणून नवी 1 टीबी डिस्क जोडल्यावर पडद्यावर 931 जीबी दिसतात. जागा कुठे गेलेली नसते, मोजण्याचे माप वेगळे असते. डिस्कवरचा संग्रह क्लाउडच्या कोट्यात बसेल की नाही हे काठावर आले असेल, तर दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापात आणून पाहावे लागतात.

‘अमर्याद’ योजनांचा इतिहास

मोठ्या संग्रहांच्या मालकांना सर्वाधिक फटका ‘अमर्याद’ या शब्दाने दिला आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2014 मध्ये ऑफिस 365 च्या ग्राहकांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा जाहीर केली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ती मागे घेऊन 1 टीबीची मर्यादा आणली. कारण देताना कंपनीने सांगितले की काही ग्राहकांनी 75 टीबीहून अधिक साठा केला असून तो सरासरीच्या 14,000 पट आहे. हा भागाकार केला की सरासरी ग्राहकाचा साठा साडेपाच जीबीच्या आत येतो. त्याच वेळी मोफत कोटा 15 वरून 5 जीबीवर आणण्याची घोषणा झाली. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे लक्षणीय आहे. या सेवा सरासरी माणसासाठी आखलेल्या असतात आणि संग्राहक हा त्यांच्या दृष्टीने अपवाद असतो.

अ‍ॅमेझॉनने मार्च 2015 मध्ये वर्षाला सुमारे 60 डॉलरला अमर्याद जागा दिली. जून 2017 मध्ये त्याच पैशांत 1 टीबी मिळू लागले आणि 2023 च्या 31 डिसेंबरला अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह ही सेवाच बंद झाली. गूगल फोटोज मे 2015 मध्ये आले ते आकुंचित छायाचित्रांसाठी विनामूल्य, अमर्याद जागेसह. 1 जून 2021 पासून चढवलेली प्रत्येक प्रतिमा कोट्यात मोजली जाऊ लागली. त्या निर्णयाच्या वेळी कंपनीकडे चार लाख कोटींहून अधिक छायाचित्रे व चित्रफिती होत्या आणि दर आठवड्याला 2800 कोटींची भर पडत होती. ड्रॉपबॉक्सने ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या व्यावसायिक योजनेतील ‘हवी तेवढी जागा’ ही सवलत काढली. काही ग्राहक ती जागा आभासी चलन मिळवण्यासाठी वापरत होते, काही जण ती परत विकत होते, तर काही ठिकाणी अनोळखी लोक एकत्र येऊन एकच खाते वाटून घेत होते. चिया नावाचे चलन तर डिस्कवरील मोकळ्या जागेच्या जोरावरच मिळते. गैरवापर थोड्यांनी केला, सवलत मात्र सर्वांचीच गेली.

या चारही उदाहरणांत क्रम एकच आहे. नवे ग्राहक हवे असतात तोवर जागा उदारपणे दिली जाते, साठा जड झाला की मोजमाप सुरू होते. म्हणून ‘अमर्याद’ हा शब्द पाहून कोणत्याही संग्रहाचे नियोजन करू नये.

फायलींची संख्या

कोट्यात जागा शिल्लक असतानाही संग्रह अडू शकतो, कारण सेवेला प्रत्येक फाइलची वेगळी नोंद ठेवावी लागते. नाव, मालक, तारीख, परवानगी, आवृत्ती हा सगळा तपशील एका लहानशा मजकुरालाही तेवढाच लागतो आणि दोन तासांच्या चित्रपटालाही तेवढाच. 2023 च्या आरंभी गूगल ड्राइव्हवर एका खात्यात 50 लाख फायलींची मर्यादा गाजावाजा न करता लागू झाली. पैसे भरून घेतलेली जागा अर्धीअधिक रिकामी असतानाही काही लोकांना नवी फाइल ठेवता येईना. ओरड झाल्यावर एप्रिलमध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. वनड्राइव्हबाबत मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे की सुरळीत सिंकसाठी, म्हणजे संगणक आणि क्लाउड सतत सारखे राहण्यासाठी, तीन लाखांहून अधिक फायली ठेवू नयेत.

संख्येचा परिणाम वेगावरही होतो. आर-क्लोन हे संग्राहकांमध्ये लोकप्रिय असलेले मुक्त साधन आपल्या माहितीपत्रकातच सांगते की गूगल ड्राइव्हवर सेकंदाला सुमारे दोनच फायली हलवता येतात. या हिशेबाने एक लाख लहान फायलींना, त्यांचा एकूण आकार कितीही छोटा असला तरी, जवळजवळ 14 तास लागतात. एका अंकाची 200 पाने 200 सुट्या प्रतिमा म्हणून ठेवण्याऐवजी एका झिप फाइलमध्ये बांधली तर हा वेळ वाचतो. याची किंमतही आहे. झिपमधील एक पान बघायचे तर सगळी झिप उतरवावी लागते, आणि ती फाइल एका जागी खराब झाली तर अनेक पाने धोक्यात येतात. त्यामुळे गठ्ठा फार मोठा नसावा. एक अंक, एक मैफल, एक प्रवास अशा स्वाभाविक एककाचा असावा.

उलट टोकाला एका फाइलच्या आकाराचीही मर्यादा असते: आयक्लाउड ड्राइव्हवर 50 जीबी, वनड्राइव्हवर 250 जीबी, गूगल ड्राइव्हवर 5 टीबी. घरगुती संग्राहकाला या मर्यादा क्वचितच अडवतात.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी संग्रहाला एक अडचण अशी येते की तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. यूटीएफ-8 या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रणांत, आणि घरगुती नेटवर्क साठवणपेट्या साधारणपणे लिनक्सवरच चालतात, फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा असते. रोमन लिपीत ती 255 अक्षरे होतात, देवनागरीत फक्त 85 चिन्हे. अशा काही पेट्यांवरील कूटबद्ध फोल्डरांत ही मर्यादा 143 बाइटांवर येते, म्हणजे 47 चिन्हे. गायक, राग, गाव, तारीख आणि साथीदार हे सगळे नावात लिहिण्याची सवय असलेल्या संग्राहकाची फाइल विंडोजवर बिनतक्रार राहते आणि पेटीवर उतरवताना नाकारली जाते.

त्याहून चकवणारी गोष्ट ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये हे चिन्ह दोन तऱ्हांनी लिहिता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या तऱ्हेने 21 बाइटांचा होतो, दुसऱ्या तऱ्हेने 24 बाइटांचा. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे नेहमी विघटित, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेच्या, रूपात साठवत असे, विंडोज टंकलेखनात येईल ते रूप तसेच ठेवते. परिणामी जुन्या मॅकवरून आणि विंडोजवरून चढवलेले ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ हे फोल्डर काही यंत्रणांत दोनदा दिसते, नाव अगदी तेच, आत मात्र वेगवेगळ्या फायली. शोधाला एकच सापडते. ‘वाऱ्या’, ‘सातारच्या दौऱ्याची छायाचित्रे’, ‘कुऱ्हाड’ अशा कोणत्याही नावाला हे होऊ शकते, आणि ‘ऱ्य’शिवाय मराठी फारशी चालत नाही. त्यात गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरात पूर्णतः सारख्या नावाच्या दोन फायली ठेवू देते, संगणक ठेवू देत नाही. त्यामुळे परत उतरवताना गोंधळ वाढतो.

खेरीज विंडोज आणि वनड्राइव्ह यांना नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह आणि तिरकी रेघ चालत नाही. 12/10/1985 अशी तारीख नावात लिहिता येत नाही. 1985-10-12 अशी वर्षापासून सुरू होणारी तारीख लिहिली तर अडचण सुटते आणि फायली आपोआप कालक्रमाने लागतात. सर्वांत टिकाऊ रीत अशी की फाइलला लहान, रोमन अक्षरे व अंकांचा नोंदक्रमांक द्यावा आणि संपूर्ण मराठी शीर्षक, कलाकारांची नावे व टिपा एका वेगळ्या सूचीत लिहाव्यात. जुन्या ग्रंथालयांची दाखल नोंदवही याच तत्त्वावर चालत आली आहे.

चढवण्याचा वेग

वरच्या 500 कॅसेटचा 1.56 टीबी संग्रह 50 एमबीपीएस चढवेगाच्या जोडणीवर अखंड चालू ठेवला तर सुमारे 69 तास घेतो. 10 एमबीपीएसवर तोच संग्रह चौदा दिवसांवर जातो. येथे एमबीपीएस म्हणजे बिट आणि फाइलचा आकार म्हणजे बाइट, आठाने भाग द्यावा लागतो, हे विसरल्याने अंदाज चुकतात. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग बहुधा उतरवण्याचा असतो. फायबर जोडणीवर दोन्ही वेग पुष्कळदा सारखे मिळतात, तांब्याच्या तारेवर आणि केबलवर चढण्याचा वेग बराच कमी पडतो. दिवसाला 2 जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेवर हा संग्रह चढवायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. खेड्यात राहून लोकगीते किंवा बोलींचे नमुने गोळा करणाऱ्यांची गत आजही अशीच आहे, त्यांना शहरातील एखाद्या वेगवान जोडणीपर्यंत डिस्क नेणेच परवडते.

सेवेकडूनही वेगाला लगाम असतो. गूगल ड्राइव्हवर एका व्यक्तीला 24 तासांत 750 जीबीच चढवता येतात. सरासरी काढली तर ही मर्यादा सुमारे 69 एमबीपीएस होते, म्हणजे त्याहून वेगवान जोडणीचा दिवसभर चालणाऱ्या कामात उपयोग होत नाही. शिवाय भारतातील अनेक ‘अमर्याद’ घरगुती ब्रॉडबँड योजनांत महिन्याला 3.3 टीबीनंतर वेग कमी केला जातो. चढवलेला आणि उतरवलेला असा दोन्ही डेटा त्यात मोजला जातो.

परत आणणे

कोणती सेवा निवडावी हे ठरवताना बाहेर पडण्याचा मार्ग आधी पाहिला पाहिजे, कारण सेवा बंद होते किंवा अटी बदलतात तेव्हा हाती काही महिनेच असतात. गूगलचे टेकआउट सारे खाते झिप फायलींत बांधून देते. एका झिपचा आकार 50 जीबीपर्यंत निवडता येतो आणि तयार झालेल्या दुव्यांची मुदत साधारण सात दिवस असते. 2 टीबीच्या खात्याचे असे चाळीस गठ्ठे होतात. ते आठवड्याच्या आत, मध्येच न तुटता उतरवून घेणे हे मंद जोडणीवर कठीण काम आहे. उतरवलेल्या छायाचित्रांसोबत तारखा व वर्णने वेगळ्या लहान फायलींत येतात, त्या पुन्हा जोडण्याचे काम उरतेच. वर्षातून एकदा लहानसा भाग परत उतरवून उघडून पाहिला तर हा मार्ग वापरण्याजोगा आहे की नाही ते वेळीच कळते.

सिंक आणि बॅकअप

या दोन गोष्टी एकच समजल्याने सर्वांत जास्त नुकसान होते. सिंक म्हणजे दोन ठिकाणचा मजकूर सतत सारखा ठेवणे. संगणकावर फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही जाते. खंडणीखोर विषाणूने फाइल बिघडवली तर बिघडलेली प्रत वर चढते. कचरापेटीत पुसलेल्या फायली गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड आणि ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक योजना या सर्वांत साधारण 30 दिवस राहतात. मोठ्या संग्रहात एखादे फोल्डर नाहीसे झाल्याचे 30 दिवसांत लक्षातही येत नाही. बॅकअप म्हणजे ठरावीक तारखेची, नंतरच्या बदलांपासून अलिप्त राहणारी प्रत.

जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्हसारख्या सेवा फाइलचे नाव आणि चिन्ह संगणकावर दाखवतात, पण मजकूर क्लाउडवरच ठेवतात. पाहणाऱ्याला वाटते की प्रत डिस्कवर आहे. इंटरनेट नसताना ती उघडून पाहिली की वस्तुस्थिती समजते. संपूर्ण संग्रह खरोखर घरी आहे का हे तपासण्याची हीच साधी कसोटी.

संस्थेचे खाते

महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या खात्यांवर अनेक प्राध्यापक व संशोधकांनी आपला आयुष्यभराचा साठा ठेवला, कारण गूगलच्या शैक्षणिक योजनेत जागा अमर्याद होती. जुलै 2022 पासून साऱ्या संस्थेला मिळून 100 टीबींची मूळ मर्यादा आली. दहा हजार विद्यार्थी व शिक्षकांच्या संस्थेत ती दर माणशी 10 जीबी होते. यापेक्षा मोठा धोका असा की खाते संस्थेचे असते, व्यक्तीचे नव्हे. निवृत्तीनंतर किंवा पदवी मिळाल्यावर ते बंद होऊ शकते. खासगी संग्रह अशा खात्यावर ठेवणे योग्य नाही, संशोधनाचा साठाही तेथे एकमेव प्रत म्हणून राहू नये.

थंड साठा

क्वचितच लागणाऱ्या मजकुरासाठी वेगळ्या प्रकारची सेवा असते. अ‍ॅमेझॉनच्या एस-3 मधील डीप आर्काइव्ह या वर्गात 1 टीबी ठेवायला अमेरिकेतील दराने महिन्याला सुमारे 1 डॉलर लागतो. मागणी नोंदवल्यावर फाइल मिळायला 12 तास, स्वस्त मार्गाने 48 तासांपर्यंत लागू शकतात, आणि ठेवलेली वस्तू 180 दिवसांच्या आत पुसली तरी त्या मुदतीचे भाडे द्यावे लागते. खरी किंमत बाहेर काढताना कळते. इंटरनेटवरून मजकूर उतरवण्याचा दर जीबीला सुमारे 9 सेंट असल्याने 1 टीबीला 80 ते 90 डॉलर पडतात. वर्षभराचे भाडे 12 डॉलर आणि एकदा बाहेर काढण्याचा खर्च त्याच्या सातपट. घर जळाले, पूर आला, डिस्क चोरीस गेली अशा प्रसंगासाठीच ही प्रत, रोज वापरण्यासाठी नव्हे. त्या प्रसंगी 90 डॉलर जास्त वाटत नाहीत. अशा सेवेत जागेचा कोटा नसतो, जेवढे ठेवले तेवढे बिल येते, आणि माझ्या मते मोठ्या संग्रहासाठी ही व्यवस्था ‘अमर्याद’ योजनेपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. अडचण एवढीच की ती तंत्रज्ञांसाठी रचलेली आहे आणि आंतरराष्ट्रीय कार्डावर दरमहा पैसे वळते होत राहिले पाहिजेत. कार्डाची मुदत संपली आणि कोणी पाहिले नाही, तर संग्रहावर टाच येते.

घरातील प्रत

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम संग्राहकांत सर्वमान्य आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. क्लाउड हे यातील ‘दुसरे ठिकाण’ झाले की त्याच्या मर्यादा सुसह्य होतात. सेवा बंद झाली तरी घरच्या दोन प्रतींवरून तिसरी दुसरीकडे उभी करता येते. दोन डिस्क एकाच वेळी, एकाच कंपनीच्या घेऊ नयेत, त्या एकाच काळात जुन्या होतात. दुसऱ्या ठिकाणची प्रत क्लाउडवरच असली पाहिजे असेही नाही. नाशिकच्या घरातील डिस्कची जोड बहिणीच्या कोल्हापूरच्या घरी ठेवली आणि दिवाळीला अदलाबदल केली, तरी नियम पाळला जातो, आणि चढवेगाचा प्रश्नच उरत नाही.

प्रत शाबूत आहे का, हे तपासण्यासाठी चेकसम वापरतात. एसएचए-256 ही पद्धत कोणत्याही फाइलपासून 64 अंक-अक्षरांची एक ओळ काढते. फाइलमधील एक बिट बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. सुरुवातीलाच साऱ्या फायलींच्या अशा ओळी एका सूचीत नोंदवल्या, तर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर किंवा क्लाउडवरून परत आलेली प्रत मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते का हे यंत्र सांगते. एकच छायाचित्र पाच फोल्डरांत असल्याचेही याच सूचीतून कळते. कंपनी आपल्या डिस्कवर अशा पाच प्रतींची एकच प्रत ठेवीत असली, तरी ग्राहकाच्या कोट्यात पाचही मोजल्या जातात.

मुदत आणि वारसा

डिसेंबर 2023 पासून गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील मजकुरासह पुसू शकते. कोटा सलग दोन वर्षे ओलांडलेला राहिला तरीही मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणजे संग्राहक आजारी पडला आणि जादा जागेचे पैसे भरायचे राहिले तर धोका तेथूनच सुरू होतो. गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापनात 3 ते 18 महिन्यांचा अवधी ठरवून 10 जणांपर्यंत नावे नोंदवता येतात. तेवढा काळ खाते वापरले गेले नाही की निवडलेला मजकूर उतरवून घेण्याची परवानगी त्यांना मिळते. अ‍ॅपलने 2021 च्या डिसेंबरमध्ये वारस संपर्काची अशीच सोय आणली. दोन्हींसाठी पैसे लागत नाहीत आणि दोन्हींची नोंद काही मिनिटांत होते. ज्या घरात कॅसेट, अंक किंवा छायाचित्रे क्लाउडवर गेली आहेत, तेथे ही नोंद आणि सूचीची छापील प्रत संग्राहकाच्या हयातीतच करून ठेवावी. नंतर ती नोंद दुसऱ्या कोणाला करता येत नाही.